फुकटच्या मैफलीतली खुर्ची

मी एक घडीची खुर्ची बोलतेय. खरं तर बोलायचाही आता कंटाळा आलाय. चार पाय, दोन आडव्या नळ्या आणि मध्ये ताणलेलं जाड निळं कापड, एवढाच माझा संसार, आणि त्यातलं कापडही डाव्या बाजूला उसवायला लागलंय. उसवलेली वस्तू लोक एक दिवस उचलून जिन्याखाली ठेवतात. मग तिला कोणी काही विचारत नाही. म्हणून आहे तोवर सांगून टाकते.

माझा जन्म एका कारखान्यातला. एका टोकाला माणसं नळ्या वाकवायची, दुसऱ्या टोकाला बायका कापड शिवायच्या. मला जिनं शिवलं तिला त्या दिवशी भयंकर सर्दी झाली होती. शिवताना ती शेजारणीला म्हणाली, "जन्मभर लोकांच्या बसायची सोय करतेय आणि मला मेलं हे पाय हलणारं बाकडं!" शेजारीण हसली. मी माणसांचं ऐकलेलं पहिलं बोलणं ते.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. सुटीच्या दिवशी तो मला तळ्याकाठी न्यायचा आणि गळ टाकून बसायचा. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस तिथं स्वतःचं तोंड म्हणून उघडत नसे. मासे काही त्याच्या गळाला लागायचे नाहीत, पण त्याची तक्रारही नव्हती. पुढे त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मी माळ्यावर गेले. तिथं किती वर्षं काढली देव जाणे. धूळ बसत राहिली. मग त्याच्या बायकोनं एकदा साफसफाई काढली आणि मला खाली कचऱ्याच्या डब्यांशेजारी टेकवून ठेवलं.

तिथून मला उचललं ते सुनेनं.

सून म्हणजे कोणाची सून, ते सांगते. ही बाई इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं मोठाल्या यंत्रांतून काढायचं, वाळवायचं, इस्त्रीच्या रुळांतून सरकवायचं. सकाळी घरी परतताना तिला मी दिसले. तिनं मला उघडलं, कापडावर हात दाबून पाहिला, दोनदा हलवून पाहिलं आणि मिटून खांद्यावर टाकलं. बसून मात्र पाहिलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नाही. दार उघडताच आतून आवाज आला, "आता हे काय उचलून आणलंस?"

"खुर्ची आहे आई. तुमच्यासाठी."

"कोणी टाकलेली?"

"हो."

"मग ठीक आहे. विकत आणली असतीस तर बोलले असते."

ही तिची सासू. बटणांच्या कारखान्यात उभी हयात गेलेली, अंगानं जड, जिभेनं त्याहून. पाय आता साथ देत नव्हते आणि एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. एकदा गॅस उघडा ठेवून झोपली होती, एकदा न्हाणीघरात पडली होती. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला आणि तिथंच त्यानं दुसरा संसार मांडला. आईला सणासुदीला फोन करायचा, बायकोला तेवढाही नाही. तो गेला आणि त्याची आई हिच्याकडे राहिली. कोणी ठरवून केलं नाही. ज्याच्या हातात पिशवी असते तोच ती घरापर्यंत नेतो, तसं झालं.

म्हातारीला एक मुलगीही होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला चांगल्या वस्तीत राहायची. सुटीच्या दिवशी फळं घेऊन यायची, आईच्या उशाशी बसायची आणि जाताना भावजयीला दोन गोष्टी सांगून जायची. "वहिनी, आईचे केस जरा नीट विंचरत जा. वहिनी, खिडकी उघडी ठेवत जा." सून म्हणायची, "बरं ताई." दार लागलं की म्हातारी म्हणायची, "आली आणि वारा सोडून गेली."

तर मला का आणलं? त्या शहरात दरवर्षी संगीताचा मोठा उत्सव व्हायचा. संध्याकाळच्या मैफली मोठ्या सभागृहात, तिकिटं काढून. सकाळच्या मात्र फुकट. जुनी टपाल कचेरी बंद झाल्यावर तिच्या मोठ्या दालनात त्या भरत. उंच दगडी खांब, वर काचेचं छत, भिंतीला अजून तिकीटविक्रीच्या खिडक्या. खुर्च्या थोड्या मांडलेल्या असायच्या. आधी येईल तो बसेल, बाकीच्यांनी उभं राहावं, नाहीतर आपलं आपण काही आणावं.

सुनेला गाण्याचं वेड होतं असं मुळीच नाही. त्या दिवसांत घराखालचा रस्ता खणायला घेतला होता. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप हवी, आणि खाली सकाळपासून दगड फोडायचं यंत्र. धुलाईखान्यातल्या भिंतीवर उत्सवाची जाहिरात लागली होती. तिनं घरी येऊन विचारलं, "आई, गाणं ऐकायला जायचं का? फुकट आहे."

"फुकट आहे तर वाईट का असेना, पैसे तर बुडत नाहीत," म्हातारी म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

तीन मजले उतरायचे म्हणजे एक मोहीमच. आधी सून मला खाली ठेवून यायची, मग वर जाऊन म्हातारीला एकेक पायरी उतरवायची. मग एका हातात मी, दुसऱ्या हातात सासू. टपाल कचेरीत शिरल्यावर मागच्या खांबाजवळ मला उघडायची, म्हातारीला बसवायची, आणि स्वतः फरशीवर बसून माझ्या पायाला टेकायची. वाजवणारे येऊन वाद्यं जुळवायला लागले की तिची मान कलायची. पहिली रचना सुरू व्हायच्या आत ती गाढ झोपलेली असायची.

आसपासचे लोक बघायचे. एक टोपीवाले गृहस्थ तर चक्क नाक मुरडायचे. म्हातारीनं एकदा त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढच्या वेळी दुसऱ्या खांबाजवळ जाऊन बसले. सून घोरायला लागली तर म्हातारी तिला गुडघ्यानं हळूच ढोसायची, बाकी हात लावायची नाही.

म्हातारी मात्र सगळं ऐकायची. वाटेत घरी जाताना तिची टीका सुरू व्हायची. "तो पियानोवाला कशावर चिडला होता गं? आणि ती बासरीवाली, बिचारी, श्वास घ्यायला सवडच नव्हती तिला. ते लांब वाद्य मांडीत धरून वाजवणारी बाई बरी. ती घाई करत नाही."

"चेलो म्हणतात त्याला आई."

"तू झोपेत कार्यक्रमपत्रिका वाचतेस की काय?"

असे एकामागून एक उत्सव गेले. रस्ता बुजवून झाला तरी त्या सकाळी सुटल्या नाहीत. वर्षभरात तेवढेच दिवस दोघी नेमानं बाहेर पडायच्या. पण दरवर्षी माझ्यावर बसणारं अंग जास्त जड व्हायचं आणि मला उचलणारा खांदा जास्त हाडकुळा. म्हातारीला रात्री कपड्यांत व्हायला लागलं. रात्रपाळीच्या वेळी शेजारीण अधूनमधून डोकावायची, पण चादरी बदलायचं काम सुनेसाठीच थांबून राहायचं. रात्रभर इस्पितळाच्या चादरी, सकाळी घरच्या. ती तक्रार करत नव्हती. तेच मला खुपायचं. तक्रार करणाऱ्या माणसात अजून जोर असतो.

त्या वर्षीचा उत्सव संपत आला होता. त्या सकाळी सुनेनं घरी येऊन म्हातारीचं सगळं आवरलं. जिन्यावरून उतरताना दोघी दोनदा थांबल्या. टपाल कचेरीत खांबाजवळ मला उघडून तिनं सासूला बसवलं, शाल गुडघ्यांवर नीट घातली, पाण्याची बाटली हातात दिली. फरशीवर बसली मात्र नाही.

"आई, मी जरा पाणी घेऊन येते."

म्हातारीनं हातातल्या बाटलीकडे पाहिलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. तिची पाठ माझ्या कापडावर एकदम ताठ झाली, ते मला कळलं. मग सैल पडली.

"ये," ती म्हणाली. "सावकाश ये."

सून गेली. तिची पावलं लोकांच्या पावलांत मिसळली.

त्या दिवशी चौघे जण वाजवायला होते, त्यांत ती चेलोवाली. काय वाजवलं ते मी सांगू शकत नाही. मी त्या दिवशी ऐकलंच नाही. माझ्यावरचं अंग मधूनच बारीक थरथरायचं, एवढंच ठाऊक. टाळ्या झाल्या, लोक उठले, पांगले. मांडलेल्या खुर्च्या एकावर एक चढू लागल्या. खांबाजवळ आम्ही दोघी तशाच.

दालनाची देखरेख करणारी बाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत आली. "आजी, कोणी न्यायला येणार आहे ना?"

"येणार आहे."

ती गेली, बऱ्याच वेळानं परत आली. "आजी, आज समारोपाची मैफल इथंच आहे, संध्याकाळच्या तयारीसाठी फरशी धुवायचीय."

"धुवा की. मी पाय वर घेते."

बाईला हसू आलं, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. चेलोवाली अजून तिथंच होती. आपलं वाद्य पेटीत ठेवून ती जवळ आली, फरशीवर उकिडवी बसली आणि पिशवीतला पाव अर्धा तोडून तिनं म्हातारीपुढे धरला. म्हातारीनं घेतला. सकाळपासून सासू-सुना दोघींच्याही पोटात काही नव्हतं.

"सोबत कोण आलं होतं आजी?"

"सून."

"कुठे गेलीय?"

म्हातारी पाव चावत राहिली. "झोपायला," ती शेवटी म्हणाली. "मीच पाठवलं. मीच म्हटलं, जा."

मी तिच्या खाली होते. तिनं असं काहीही म्हटलं नव्हतं.

मग तिनं मुलीचा नंबर सांगितला आणि देखरेखवाल्या बाईनं फोन लावला. मुलगी गाडी घेऊन आली ती दारातूनच बोलत. "टाकून गेली? वहिनी तुला इथं टाकून गेली? आत्ता दादाला फोन करते! पोलिसांत कळवायला हवं हे!"

"आवाज घुमतो इथं, हळू बोल," म्हातारी म्हणाली. "कोणी टाकलं नाही मला. मी हाकलली तिला. रोज उठून तेच तोंड बघायचं, वीट आला. मला तुझ्याकडे यायचंय."

मुलीनं दादाला लावायला काढलेला फोन खाली घेतला. कारण मुलीच्या घरी राहायला जाणार नाही, हे म्हातारीनं आजवर शंभरदा ऐकवलं होतं. जावयाशी तिचं पटत नव्हतं, आणि मुलीकडे रिकामी असलेली खोली म्हणजे मागची, बिनखिडकीची, जुने कपडे ठेवायची. तिला ते सगळं माहीत होतं. तरी ती मुलीच्या खांद्याला धरून उठली.

"हे भंगार कशाला?" मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली.

"राहू दे इथंच. ती येईल न्यायला." मग म्हातारी देखरेखवाल्या बाईकडे वळली. "आली की तिला सांगा, आधी झोप काढ. बाकीचं मग."

त्या रिकाम्या दालनात मी एकटी उभी राहिले. फरशी धुतली गेली, माझे पाय ओले झाले. काचेच्या छतावरचं ऊन हळूहळू पिवळं पडलं. संध्याकाळची माणसं चांगले कपडे घालून यायला लागली तेव्हा सून आली. धावत आली. केस सुटलेले, एका गालावर वळ उमटलेले. तिनं खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही.

"मुलगी घेऊन गेली त्यांना," देखरेखवाली बाई घाईनं म्हणाली. "बऱ्या आहेत. तुम्हाला निरोप आहे, आधी झोप काढ म्हणून. बाकीचं मग."

सून माझ्यावर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं त्याहून ती फारच हलकी होती. पाय पुढे ताणून, हात मांडीवर उताणे टाकून ती बसून राहिली. वाजवणारे आले, तिकीट काढलेली माणसं जागा धरायला लागली, तेव्हा कुठे तिनं मला मिटलं.

दोन दिवसांनी ती मला घेऊन नणंदेच्या घरी गेली. नणंदेनं दारातच तोफ डागली. सुनेनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "ताई, आईंच्या पाठीला ही खुर्ची बरी पडते. आत ठेवू का?"

मागच्या खोलीत म्हातारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुनेनं मला उघडून तिला माझ्यावर बसवलं. दिवा लागलेला होता, भर दुपारी.

"आई, चला घरी."

"नको."

"मी चुकले."

"बाटली भरलेली होती," म्हातारी म्हणाली.

सून पलंगाच्या कडेला बसली.

"मला तेव्हाच कळलं."

"मग अडवलं का नाहीत?"

"अडवलं असतं तर तू थांबली असतीस." म्हातारीनं तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. साबणानं आणि वाफेनं त्याची सालपटं निघाली होती. "माझ्या मुलानं तुला मोकळं केलं नाही, नुसतं टाकलं. मोकळं मलाच करायला हवं होतं. उशीर झाला. आता जा. सुटी असेल तेव्हा ये, पाहुणीसारखी ये. चहा मुलगी करेल."

सून गेली. मी राहिले.

आणि मग नणंदेचे दिवस सुरू झाले. पहिला आठवडा ती उत्साहात होती. केस विंचरले, औषधांचे डबे लावले. मग रात्री उठावं लागायला लागलं. मग दिवसातून कितीदा चादरी. जावई दुसऱ्या खोलीत झोपायला गेला. एका सकाळी नणंद आईला माझ्यावर बसवून गादी उलटत होती, आणि मध्येच थांबून तिनं भावजयीला फोन लावला.

"वहिनी, तू चादरीखाली काय घालायचीस?"

पलीकडून काहीतरी सांगणं झालं. नणंद ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आणि तू हे कामावरून आल्यावर करायचीस?"

त्या दिवसापासून तिच्या बोलण्यातलं टोक गेलं. मागच्या खोलीतून म्हातारीचा पलंग पुढे खिडकीपाशी आला. जावई कुरकुरला, तर नणंदेनं त्याला एकदा आईजवळ दिवसभर बसवलं. पुन्हा कुरकुरला नाही. सुटीच्या दिवशी सून फळं घेऊन यायची. म्हातारी दोघींकडे आळीपाळीनं बघायची आणि म्हणायची, "आता दोघी मिळून मला छळा."

थंडीत ती गेली. सकाळी, खिडकीकडे तोंड करून. दोघी जवळ होत्या. शेवटचे काही दिवस ती कोणाशीच बोलली नव्हती, त्यामुळे शेवटचे शब्द वगैरे काही नाहीत. मुलगा आला, दोन दिवस राहिला, माझ्यावर बसून फोनवर बोलला आणि गेला.

पुढचा उत्सव आला तेव्हा नणंदेनं मला गाडीत टाकलं. याच सकाळच्या मैफलींना ती एके काळी फुकट्यांचा बाजार म्हणायची. मागच्या खांबाजवळ सून फरशीवर बसलेली होती. जागी होती. नणंदेनं मला उघडलं, पण दोघींपैकी कोणीच बसेना. शेवटी नणंदही फरशीवर टेकली, आणि मी मध्ये रिकामी.

वाजवणं सुरू व्हायला वेळ होता. नणंदेनं समोर बघतच विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तू परत येणारच होतीस ना?"

सुनेनं माझ्या उसवलेल्या कापडाची कड बोटानं चाचपली.

"माहीत नाही ताई. खरंच माहीत नाही. ट्राममध्ये बसले. ठरवलं होतं, शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथून लांबची बस धरायची. कुठली, ते ठरवलं नव्हतं. बसल्याबसल्या झोप लागली. ती ट्राम शेवटच्या थांब्यावर गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. कोणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा टपाल कचेरी दिसत होती."

"म्हणजे झोप लागली नसती तर..."

"तर गेले असते."

वाद्यं जुळवायला सुरुवात झाली, लांबवर एकच सूर पुन्हा पुन्हा येत होता. मग नणंद म्हणाली, "मी दोनदा चपला घालून दारापर्यंत गेले होते. आई आत हाका मारत होती. एकदा तर खाली गाडीत जाऊन बसले. किल्ली वर राहिली होती."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग त्यांना हसू फुटलं, असं की टोपीवाले गृहस्थ दुसऱ्या खांबाजवळून वळून बघायला लागले. हसता हसता सून रडायलाही लागली. नणंदेनं तिला दंडाला धरून उठवलं.

"बस तू खुर्चीत."

"नको ताई, कापड उसवलंय. फाटेल."

"फाटू दे."

सून बसली. मी फाटले नाही. पहिली रचना सुरू व्हायच्या आत तिची मान कलली आणि नणंदेनं शेजारी गुडघ्यांवर बसून आपला खांदा तिच्या डोक्याखाली आणला.

आता मी सुनेकडे दाराआड उभी असते. उत्सवाच्या दिवसांत बाहेर निघते. अजून किती वेळा, ते माझ्या शिवणीवर अवलंबून. मला डागडुजी नको आहे. खूप जणांना पेललं, पुरे झालं. फक्त एक मागणं आहे. सकाळच्या अशा एखाद्या मैफलीत तुमच्या शेजारी कोणी बाई मान टाकून झोपलेली दिसली, तर नाक मुरडू नका, आणि तिला उठवूही नका. टाळ्याही जरा बेतानं वाजवा. तिला पुन्हा कामावर जायचं असतं.